जंत, मिनरल मिक्श्चर आणि मेंढीचा ढेकर

2003 साली न्यूझीलंडच्या सरकारने गाई-मेंढ्यांच्या पोटातल्या, पृथ्वी तापवणाऱ्या मिथेन गॅसवर संशोधन करायला पैसे हवेत म्हणून शेतकऱ्यांवर एक छोटासा कर लावायचा घाट घातला, आणि तिथल्या लोकांनी लगेच त्याचं बारसं केलं 'पादण्याचा कर'. झालं, शेतकरी भडकले, मोर्चे निघाले, एक खासदार तर ट्रॅक्टर घेऊन थेट पार्लमेंटच्या पायऱ्या चढला, शेवटी सरकारने तो कर गुंडाळला. पुढे 2022 मध्ये दुसऱ्या सरकारने परत तसाच प्रयत्न केला, तोही टिकला नाही. बाकी ते नाव भारी असलं तरी साफ चुकीचं होतं कारण मेंढीचा मिथेन मागून जवळजवळ येतच नाही, बहुतेक सगळा तोंडातून येतो. 1976 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेंढ्यांवर हे मोजून दाखवलं होतं. मिथेनचा बहुतेक भाग तयार होतो कोठीपोटात, म्हणजे मेंढीच्या चार पोटांपैकी पहिल्या मोठ्या पोटात, तिथून तो ढेकराबरोबर बाहेर पडतो, आणि मागच्या आतड्यात जो थोडाफार तयार होतो तोसुद्धा रक्तात शोषला जाऊन फुप्फुसातून श्वासावाटे निघतो.

आता हा गॅस बनतो कसा ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मेंढीला स्वतःला गवत पचत नाही, गवतातला सेल्युलोज फोडायचं काम कोठीपोटातले जिवाणू, बुरशी वगैरे मंडळी करतात, मेंढी फक्त त्यांना चारा, ऊब आणि लाळ पुरवते. हे जीव चारा आंबवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर मेंढी जगते. पण आंबवताना हायड्रोजनही सुटतो, आणि तो साचत गेला तर आंबवणंच मंदावतं. म्हणून तिथे आर्किया नावाचे दुसरे सूक्ष्मजीव बसलेले असतात, ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून मिथेन बनवतात आणि मेंढी तो ढेकरावाटे सोडून देते. म्हणजे मिथेन ही मेंढीची चूक वगैरे काही नाही, हायड्रोजनची विल्हेवाट लावायची ती तिची व्यवस्था आहे. फक्त ती महागात पडते, कारण चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण 6 ते 7 टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. चारा विकत घेणाऱ्याने हा हिशोब स्वतःच्या बिलावर करून बघावा.

हवामानाच्या बाजूने बोलायचं तर मिथेन हवेत टिकतो साधारण 12 वर्षं, पण तेवढ्यात तो भरपूर उष्णता धरून ठेवतो, 100 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट आणि 20 वर्षांच्या हिशोबात 80 पटीच्या आसपास. एक मेंढी किती सोडते? आपल्यासारख्या देशांसाठी आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, जो ढोबळ आकडा धरते तो आहे वर्षाला 5 किलो, म्हणजे रोजचे 13-14 ग्रॅम. म्हशीचा आकडा 55 किलो. भारतात 2019 च्या पशुगणनेत मेंढ्या होत्या साडेसात कोटींच्या थोड्या खाली, महाराष्ट्रात सत्तावीस लाखांच्या आसपास. त्यामुळे कोणी धनगराच्या खांडाकडे, म्हणजे मेंढ्यांच्या कळपाकडे, बोट दाखवून 'हे बघा पृथ्वी तापवणारे' म्हणायला लागला तर त्याला आधी स्वतःच्या गाडीची टाकी दाखवा. मला हा विषय इंटरेस्टिंग वाटतो तो वेगळ्याच कारणाने. मेंढीचा मिथेन कमी करायचे जे उपाय आहेत त्यातला सगळ्यात साधा उपाय मेंढपाळाला तसाही हवाच असतो, तो म्हणजे मेंढी आजारी न पडणं.

आणि मेंढीचा खरा आजार म्हणजे जंत.

जंत खूप प्रकारचे आहेत पण आपल्या हवेत सगळ्यात घातक तो हिमाँकस. चौथ्या पोटात, म्हणजे जिथे खरं आम्ल पाझरतं त्या पोटात तो राहतो आणि रक्त पितो. मेलेल्या मेंढीचं ते पोट लगेच उघडलं तर आतल्या पातळ पाण्यात एक ते तीन सेंटिमीटरचे दोऱ्यासारखे जंत वळवळताना डोळ्यांना सरळ दिसतात, मादी असेल तर लाल आणि पांढरी दोरी एकमेकींवर पिळल्यासारखी दिसते, लाल म्हणजे तिच्या आतड्यातलं मेंढीचं रक्त आणि पांढरी म्हणजे तिचं अंडाशय. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त काढतो. ऐकायला काहीच नाही वाटत. पण 1000 जंत असले तर रोजचे 50 मिलिलिटर झाले, आणि 30 किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास. आठवड्याचा गुणाकार तुम्हीच करा. एक मादी रोज 5000 किंवा त्याहून जास्त अंडी घालते, ती लेंड्यांतून बाहेर पडतात, पावसाळ्यातल्या उबदार ओलीत चार ते सात दिवसांत त्यातून पुढच्या अवस्थेतली अळी तयार होते, ती दवाच्या थेंबांतून गवताच्या पात्यावर चढते आणि दुसरी मेंढी ते पातं खाते. तिथून तीन आठवड्यांत परत अंडी सुरू.

या जंतात हगवण बहुधा लागत नाही, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. लेंड्या व्यवस्थित, मेंढी चरतेय, फक्त जरा मागे राहते, आणि मग एक दिवस संध्याकाळी चरून आल्यावर जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबताना दिसते. रक्ताबरोबर प्रोटीन गेलं की पाणी तसं उतरतं, दिवसभर मान खाली घालून चरल्यामुळे संध्याकाळी जास्त दिसतं. खालची पापणी ओढून बघितली तर आतली बाजू कागदासारखी पांढरी.

आता जंताचा मिथेनशी काय संबंध? स्कॉटलंडमधल्या एका संशोधक गटाने हेच मोजलं आणि 2018 मध्ये त्यांचा पेपर आला. तिथला थंड हवेतला जंत वेगळा, टेलाडोरसेजिया, तो पण चौथ्याच पोटात राहतो, रक्त पीत नाही पण पोटाचं अस्तर आणि आम्ल बनवणाऱ्या पेशी खराब करतो आणि जनावराची भूक मारतो. मिथेन मोजायला कोकरांना एका बंद खोलीवजा पेटीत ठेवतात, आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा दोन्ही सतत तपासतात, चारा वजन करून देतात आणि उरलेला परत वजन करतात, म्हणजे किती खाल्लं आणि किती सोडलं याचा ग्रॅमवर हिशोब लागतो. निष्कर्ष असा की जंत असलेल्या कोकरांनी खाल्लेल्या प्रत्येक किलो चाऱ्यामागे मिथेन 33 टक्के जास्त सोडला.

इथे नीट लक्ष द्या कारण बातम्यांमध्ये हे हमखास घसरतं. 33 टक्के जास्त हे प्रत्येक किलो चाऱ्यामागे. दिवसभराचा एकूण गॅस 33 टक्के वाढला असं त्यात नाही, कारण जंत असलेली मेंढी मुळात कमी खाते. समजायला सोपे आकडे धरू, हे माझे धरलेले आकडे आहेत, प्रयोगातले नाहीत. निरोगी मेंढीने 1 किलो कोरडा चारा खाल्ला, 20 ग्रॅम मिथेन सोडला आणि वजन वाढलं 100 ग्रॅम. जंतवालीने खाल्ला 750 ग्रॅम, किलोमागे 33 टक्के जास्त या हिशोबाने मिथेन पडला परत तेवढाच, 20 ग्रॅम, आणि वजन वाढलं समजा 50 ग्रॅम. म्हणजे रोजचा गॅस दोघींचा सारखा, पण एक किलो वजन वाढवायला पहिलीने सोडले 200 ग्रॅम आणि दुसरीने 400. शिवाय दुसरीला बाजारात न्यायच्या वजनाला यायला दुप्पट दिवस लागणार आणि तितके दिवस ती ढेकर देतच राहणार. आणि मधेच मेली तर तोवर सोडलेला सगळा गॅस आणि खाल्लेला सगळा चारा फुकट, हातात काहीच नाही.

असं का होतं? एक तर भूक मेल्यावर चारा कोठीपोटात जास्त वेळ पडून राहतो, तो जास्त वेळ आंबतो, आणि चारा जितका हळू पुढे सरकेल तितका किलोमागे मिथेन जास्त हे निरोगी जनावरांतही दिसलेलं आहे. दुसरं म्हणजे पचून जे हाती लागतं त्यातलं बरंचसं रक्त भरून काढणं, अस्तर दुरुस्त करणं, प्रतिकारशक्तीचा खर्च यातच जातं, मांसाला आणि लोकरीला उरतं थोडं. घरातला कमावता माणूस आजारी पडला की पगार तोच राहतो पण सगळा औषधात जातो, तसं.

बरं, मग यात मिनरल मिक्श्चर, म्हणजे जनावरांना खाण्यातून द्यायचं खनिजांचं मिश्रण, कुठे आलं? इथे जरा थांबून सांगतो, कारण दुकानात पाकिटं विकणारे काहीही सांगतात आणि आता त्यात 'मिथेन कमी करणारं' हेही जोडायला लागतील याची मला खात्री आहे.

खनिजं मेंढीला लागतात यात वाद नाही. जंतांशी त्यांचं नातं काही बाबतीत फार सरळ आहे. लहान आतड्यात राहणारा ट्रायकोस्ट्रॉंगायलस हा जंत फॉस्फरस शोषायलाच अडथळा आणतो, 1983 मध्ये स्कॉटलंडच्याच संशोधकांनी दाखवलं की अशा जंतवाल्या कोकरांना चाऱ्यातून फॉस्फरस नीट मिळाला तर वाढ आणि हाडं दोन्ही सुधारतात. हिमाँकस रक्ताबरोबर लोह घेऊन जातो. जस्त आणि सेलेनियम प्रतिकारशक्तीला लागतात. म्हणजे जंत खनिज पळवतो, आणि खनिज कमी पडलं की मेंढी जंताशी लढायला कमी पडते, असं दोन्हीकडून.

कोबाल्टची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. मेंढी जीवनसत्त्व बी-12 खात नाही, तिच्या कोठीपोटातले जिवाणू ते बनवतात, पण त्यासाठी त्यांना कोबाल्ट हवा, बी-12 च्या मधोमध कोबाल्टचा एक अणूच बसलेला असतो. मातीत कोबाल्ट नसेल तर मेंढी गुडघाभर हिरव्या गवतात उभी राहून उपाशी मरते, कारण भूकच जाते. स्कॉटलंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या किनारपट्टीवर वर्षानुवर्षं लोकांना कळत नव्हतं की या ठराविक भागातच जनावरं का झिजतात, शेवटी 1935 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कारण शोधलं, किंचितसा कोबाल्ट. पण हाच कोबाल्ट मिथेन बनवणाऱ्या आर्कियालाही लागतो! आणि निकेलही लागतो, मिथेन तयार करायच्या शेवटच्या टप्प्यातलं त्यांचं एन्झाइम निकेलशिवाय चालतच नाही. त्यामुळे मिनरल मिक्श्चर दिलं की मिथेन थांबला असा सरळ मामला नाहीये. कमतरता असलेल्या मेंढीला मिक्श्चर दिलं तर ती जास्त खाईल, म्हणजे दिवसाचा एकूण गॅस कदाचित थोडा वाढेलसुद्धा. फायदा दिसतो तो वाढलेल्या वजनाच्या किलोमागच्या हिशोबात, लवकर वाढली, लवकर व्यायली, मेली नाही, यात. आणि कमतरता नसेलच तर मिक्श्चर लेंड्यांतून आणि लघवीतून मातीत जातं, खत म्हणून छान, पण त्यासाठी पाकिटाचे पैसे कशाला.

खनिजातून थेट मिथेन कमी करायचा एक प्रयोग मात्र झालाय. नेदरलँड्समध्ये कोकरांच्या खाण्यात नायट्रेट आणि सल्फेट घातलं, कल्पना अशी की हायड्रोजन आर्कियाला मिळायच्या आधी या क्षारांनीच तो पळवावा. 2010 मध्ये आलेले आकडे जबरदस्त होते, नायट्रेटने मिथेन 32 टक्के कमी, सल्फेटने 16 टक्के आणि दोन्ही मिळून 47 टक्के. मग सगळीकडे का नाही वापरत? कारण नायट्रेट जरा जास्त किंवा अचानक दिलं तर रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबवतं, रक्ताचा रंग चॉकलेटसारखा होतो आणि जनावर तासाभरात जाऊ शकतं. सल्फर जास्त झालं तर मेंदूला इजा होते आणि तांबंही बांधलं जातं. प्रयोगशाळेत हळूहळू सवय लावून तोलून-मापून देता येतं, माळावर 200 मेंढ्यांच्या खांडाला कोण तोलून देणार. त्यामुळे हे वाचून कोणी युरियाचं किंवा नायट्रेटचं पोतं फोडू नका, प्लीज.

आता आपल्याकडचं. दुष्काळी पट्ट्यातले धनगर, माण, खटाव, आटपाडी, जत, या भागातले, पावसाळ्यात कोरड्या माळावर राहतात आणि दिवाळीनंतर खांड घेऊन कोकणाकडे किंवा बागायती भागाकडे उतरतात, पाऊस यायच्या आत परत. यामागे चारा आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवायचे शेतकऱ्याकडून मिळणारे पैसे ही कारणं आहेतच, पण जंतांच्या नजरेने बघितलं तर ही पद्धत हुशार आहे, ऐन पावसात ओल्या चिखलाच्या भागात थांबायचं नाही आणि एका जागी लेंड्यांवर लेंड्या पडू द्यायच्या नाहीत. अडचण येते ती खांड एका जागी बांधलं की. बंदिस्त शेड, त्याच्या कडेला एकच हिरवा तुकडा, त्यावर रोज तीच जनावरं, तिथे हिमाँकसची चंगळ.

बागायतीत उतरल्यावर दुसरा विषय येतो उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा. ऊसतोड चालू असते तेव्हा वाढे फुकट किंवा स्वस्त मिळतात, मेंढ्या आवडीने खातात, पण वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. महिनोन्महिने मुख्य खाणं वाढेच असतील तर गाभण आणि दुभत्या मेंढ्यांना कॅल्शियम कमी पडतं. इथे खनिज देण्यात खरंच अर्थ आहे. त्यात पुन्हा व्यायच्या वेळेला मेंढीची जंतांविरुद्धची ताकद आपोआप कमी होते, लेंड्यांतली अंडी वाढतात आणि नुकतं चरायला लागलेलं कोकरू नेमकं त्याच गवतावर तोंड घालतं. म्हणजे खनिज, जंत दोन्हीकडे लक्ष द्यायची खरी वेळ वर्षात हीच.

खनिजांच्या चाटण विटा ठेवल्या की काम झालं असं वाटतं, पण जोरदार मेंढ्या विटेपाशी उभ्या राहतात आणि जिला गरज आहे ती अशक्त मेंढी मागे. एकापेक्षा जास्त विटा लांब लांब टांगल्या तर जरा बरं. आणि घोड्यावर संसार लादून चालणाऱ्या माणसाला विटांचं ओझं नको असतं, तो मुक्कामाला खडे मीठ देतो, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

जंताच्या औषधाचं आपल्याकडे वेगळंच रडगाणं आहे. अल्बेंडेझोल स्वस्त, म्हणून वर्षानुवर्षं तेच, वजन न करता अंदाजाने, आणि अंदाज कायम कमीच. त्यातून वाचलेले जंत पुढची पिढी घालतात आणि औषध बोथट होत जातं, देशातल्या मोठ्या फार्मवर असे न मरणारे जंत सापडलेले आहेत. दक्षिण आफ्रिकेत यावर एक साधी युक्ती काढली, फमाचा नावाचं कार्ड, त्यावर पापणीच्या आतल्या रंगाच्या पाच छटा, लालभडक म्हणजे 1 आणि पांढरीफटक म्हणजे 5. पापणी कार्डाशी ताडायची आणि 4-5 वाल्यांनाच औषध पाजायचं, कोकरं असतील तर 3 वाल्यांनाही. बाकीच्यांना मुद्दाम सोडायचं, म्हणजे औषधाला मरणारे जंतही रानात शिल्लक राहतात आणि चिवट जंतांचंच राज्य येत नाही. हे कार्ड फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी, पण आपला मुख्य शत्रू तोच आहे. जी मेंढी दर पावसाळ्यात 4-5 वर जाते ती आणि तिची पिल्लं पैदाशीला ठेवू नयेत, कारण जंत झेलायची ताकद आनुवंशिक असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढ्यांचा बंगालच्या गरोळ जातीशी संकर केला तो जुळ्यांच्या जनुकासाठी म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यांनी त्या संकरित कोकरांची जंत झेलायची ताकदही तपासली होती. गरोळ ही सुंदरबनच्या दलदलीतली जात, जंतांमध्येच पिढ्यानपिढ्या जगलेली, तिच्याकडे ती ताकद असणारच.

बाभळीच्या शेंगा पण इथे सांगितल्या पाहिजेत. त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, ते जंतांना थोडं त्रासदायक आणि मिथेनलाही थोडा लगाम घालणारं. उन्हाळ्यात मेंढ्या खातातच. फक्त शेंगांवरच पोट भरू नये, टॅनिन जास्त झालं की प्रोटीन पचत नाही आणि भूक कमी होते.

शेवटचं तांब्याबद्दल, कारण इथे जीव जातो. तांब्याच्या ऑक्साइडच्या बारीक तारांचे तुकडे कॅप्सूलमधून पाजले तर ते चौथ्या पोटात अडकतात, आम्लात हळूहळू विरघळतात आणि हिमाँकस बराच कमी होतो, अमेरिकेत यावर भरपूर काम झालंय. पण मेंढीचं यकृत तांबं साठवतच जातं, गाईसारखं ते बाहेर टाकत नाही. म्हणून गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर, कोंबडी खाद्य किंवा पोल्ट्रीचं खत मेंढीला रोज घालू नका, पाकिटावर मेंढीसाठी असं लिहिलेलं असेल तेच घ्या, आणि तारांची कॅप्सूल डॉक्टरने यकृताचा, चाऱ्याचा अंदाज घेऊन सांगितल्याशिवाय नाही. महिनोन्महिने काहीच दिसत नाही, मग लांबचा प्रवास, पावसाचा मारा असा काही ताण आला की साठलेलं तांबं एकदम रक्तात सुटतं, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते आणि बहुतेक मेंढ्या दोन-तीन दिवसांत जातात. असं एक जरी जनावर दिसलं तरी त्याच दिवशी सगळ्या खांडाचं मिक्श्चर बंद करा आणि डॉक्टरला बोलवताना पाकीट हाताशी ठेवा, त्यावरचा तांब्याचा आकडा त्यांना लागेल.